लक्षात राहतो तो हंगाम



'हंगाम' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आपल्या मातीत असा रुजला की तो पाहुणा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, वेचणीचा हंगाम. खेळाच्या वर्षालाही आपण हंगामच म्हणतो, आणि ते मला फार योग्य वाटते. आमच्या जामच्या शिवारातल्या एखाद्या वयस्क शेतकऱ्याला विचारून पाहा, "बाबाजी, तुमच्या ध्यानात राहिलेला हंगाम कोणता?" सर्वांत जास्त कापूस झाला त्या वर्षाचे नाव तो घेईलच असे नाही. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली, आता घरात बियाणेही उरले नाही असे झाले आणि मग एका रात्री पाऊस कोसळला, ते साल तो सांगेल. त्या साली किती क्विंटल झाले, हे त्याला आठवणार नाही. पाऊस आला तेव्हा आपण कुठे निजलो होतो आणि कुणी हाक मारून उठवले, हे मात्र नेमके आठवेल.

खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाचेही असेच असते, असे माझे मत आहे. एखाद्या संघाचा एखादाच हंगाम लोकांच्या मनात घर करून का बसतो आणि बाकीचे का विसरले जातात, हे आज तुमच्याबरोबर जरा उलगडून पाहायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते आपल्या घरचे, म्हणजे विदर्भाच्या क्रिकेट संघाचे.

सरळ उत्तर असे की, जिंकलेला हंगाम लक्षात राहतो, हरलेला राहत नाही. उत्तर सोपे आहे, पण ते पडताळून पाहता येते. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला: 2017-18 मध्ये, 2018-19 मध्ये आणि 2024-25 मध्ये. नुसत्या जिंकण्यावरच सारे असते, तर तिन्ही हंगाम सारखेच आठवायला हवे होते. मी वर्गात, बसमध्ये, चौरस्त्यावर पुष्कळांना विचारून पाहिले. बहुतेकांनी पहिल्याच विजयाचे नाव घेतले. त्यातली गंमत पुढेच आहे. त्या पहिल्या विजयातही लोक अंतिम सामन्याची गोष्ट सांगत नाहीत. ते सांगतात उपांत्य सामन्याची, कोलकात्याची, पाच धावांची. असे का व्हावे?

ज्यांना या स्पर्धेची फारशी माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रणजी करंडक ही देशातली पहिल्या दर्जाची क्रिकेट स्पर्धा. ती 1934-35 पासून चालू आहे. तिच्यातले संघ राज्यांच्या सीमेप्रमाणे नाहीत. आपल्या एका महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. 2017-18 साली एकूण 28 संघ होते आणि त्यांचे सात-सातांचे चार गट केले होते. गटातले सामने चार दिवसांचे, पुढचे बाद फेरीचे पाच दिवसांचे. सामना पूर्ण निकाली निघाला तर जिंकणाऱ्याला सहा गुण. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची धावसंख्या जास्त, त्याला तीन आणि दुसऱ्याला एक. बाद फेरीत सामना निकाली निघाला नाही तर पहिल्या डावातली आघाडीच निर्णायक ठरते. हा नियम ध्यानात ठेवा, शेवटी तो कामी येईल.

विदर्भाचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो 1957-58 मध्ये. त्यानंतर तब्बल साठ वर्षे तो एकदाही अंतिम सामन्यात पोहोचला नाही. मधली कित्येक वर्षे तर तो खालच्या, म्हणजे प्लेट गटात खेळत होता. आमच्या लहानपणी शाळेत आम्ही मुंबईच्या खेळाडूंची चित्रे वहीत चिकटवत असू. विदर्भाचा कर्णधार कोण, असे कुणी विचारले असते तर आम्हाला सांगता आले नसते. गुरुजींनाही आले नसते. मुंबई जिंकली की आपलेच कुणी जिंकले असे आम्ही मानून घेत असू, आणि त्यात काही कमीपणा आहे हेही आम्हाला वाटत नसे. साठ वर्षे वाट पाहिली असे वर्तमानपत्रांनी पुढे लिहिले खरे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्यापैकी बहुतेकांनी वाट पाहणेसुद्धा केव्हाच सोडून दिले होते.

वाट पाहणे ज्याला सोडता येत नव्हते तो माणूस म्हणजे फैज फजल. त्याने विदर्भाकडून पहिला सामना खेळला 2003-04 मध्ये आणि त्यातच शतक केले. पुढची चौदा वर्षे तो खेळत राहिला. 2016 साली त्याला झिम्बाब्वेत भारतासाठी एक, फक्त एक, एकदिवसीय सामना खेळायला मिळाला. त्यात त्याने नाबाद 55 धावा केल्या आणि पुन्हा बोलावणे आले नाही. 2017-18 च्या हंगामात तोच विदर्भाचा कर्णधार होता, आणि त्या हंगामात त्याने 912 धावा काढल्या. त्याच वर्षी चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक म्हणून आले. भारताचे जुने यष्टिरक्षक, शिस्तीचे कडक. मुंबईकडून असंख्य धावा केलेला वसीम जाफर संघात होता. मूळचा कर्नाटकचा गणेश सतीशही होता. उमेश यादव आपल्या नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू तोच.

आणि एक होता रजनीश गुरबानी, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण इंजिनिअरिंगला गेला म्हणजे मैदान सुटले असा आपल्याकडच्या आईबापांचा पक्का समज असतो. हंगाम सुरू झाला तेव्हा त्याचे नाव क्रिकेटवेड्या लोकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

गटातले सामने झाले आणि विदर्भ गटात पहिला आला. पुढे उपांत्यपूर्व सामना सुरतेला, केरळशी. तो विदर्भाने 412 धावांनी जिंकला. चारशे बारा! एवढा दणदणीत विजय, पण त्याची गोष्ट तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकली आहे का? मी तरी ऐकली नाही. आदित्य सरवटे या आपल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दुसऱ्या डावात सहा गडी टिपले, हे मला वर्तमानपत्र चाळून शोधावे लागले. जिथे धोका नव्हता, तिथे आठवणीला धरायला काही सापडत नाही.

आता कोलकात्याला चला. ईडन गार्डन्स, 17 डिसेंबर 2017, समोर कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव 185 धावांत आटोपला. कर्नाटकाने 301 केल्या, त्यांत एकट्या करुण नायरच्या 153. हे नाव लक्षात ठेवा. गुरबानीने पाच गडी घेतले, तरीही विदर्भ 116 धावांनी मागे होता. त्या संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "चला, इथपर्यंत आलो हेही थोडके नाही." हे वाक्य आपण वैदर्भी माणसे फार लवकर म्हणतो. उमेदीचा दोर आपणच कापायचा, म्हणजे दुसऱ्याने कापल्याचे दुःख होत नाही.

दुसऱ्या डावात विदर्भाने 313 धावा काढल्या. त्यांत गणेश सतीशच्या 81, आपल्या जुन्या राज्याविरुद्ध. कर्नाटकाला जिंकायला 198 धावा हव्या होत्या. चौथ्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा कर्नाटकाचे सात गडी 111 धावांत बाद झाले होते. आता 87 धावा हव्या आणि तीन गडी उरलेले. ज्या संघाची आशा आपण सोडली होती, तोच आता जिंकणार असे दिसू लागले. अशी रात्र माणसाला झोपू देत नाही.

21 तारखेला गुरुवार होता. मी जामच्या चौरस्त्यावर बसची वाट पाहत उभा होतो. ज्यांनी जाम पाहिले नाही त्यांना सांगतो, नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा मोठा रस्ता आणि चंद्रपूरची वाट इथे फुटते. ट्रक, बसगाड्या आणि डिसेंबरात हिंगणघाटच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या यांची रीघ लागलेली असते. टपरीवर एकाच्या फोनवर धावसंख्या येत होती. चित्र नव्हे, आवाजही नव्हे, नुसते आकडे. आकडा बदलायला वेळ लागला की तो फोन वर धरून हलवी, जणू हलवल्याने गडी पडणार! पाच-सात माणसे भोवती जमली होती. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो, बाकीचे वाटसरू.

विनय कुमार आणि श्रेयस गोपाल आकडा पुढे ढकलू लागले. विनय कुमार गेला. मग अभिमन्यू मिथुन आला आणि त्याने हाणामारी सुरू केली. पाहता पाहता कर्नाटकाने दीडशेचा आकडा ओलांडला. माझी बस आली आणि निघून गेली. दुसरीही गेली. "गेलं ना सर हातचं," टपरीवाला म्हणाला आणि भांडे घासायला वळला. तो पाठमोरा झाला तो झालाच. मला वाटते त्याला ते पाहवत नव्हते. विजय कर्नाटकाच्या अगदी हाताशी आला असताना मिथुन बाद झाला. शेवटचा गडी अरविंद. फोनवरचा आकडा 192 वर थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. मग त्याच्यापुढे दहा हा आकडा उमटला. त्या सकाळचे तिन्ही गडी गुरबानीचेच. त्या डावात त्याचे सात, सामन्यात बारा.

"काय झालं, काय झालं?" टपरीवाला विचारू लागला.

"जितलो ना भाऊ! पाच रननं!"

कापसाच्या गाडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कोण जितलं बापा?" कुणीतरी ओरडून सांगितले, "विदर्भ!" त्यावर त्यांनी विचारले, "इलेक्शन होतं का?" आम्ही सारे हसलो. पण त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो. विदर्भ हे नाव अनुशेषाच्या आणि राजकारणाच्या बातम्यांतच कानावर पडायची सवय असलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे?

मी त्या दिवशी पहिल्या तासाला उशिरा पोहोचलो. मुलांनी कारण विचारलेच नाही. त्यांना ठाऊक होते.

अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. दिल्लीने तोवर सातदा करंडक जिंकलेला. तिथे गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. ते दोन षटकांत मिळून होते, म्हणून पाहणाऱ्यांनाही क्षणभर कळले नसेल. रणजीच्या अंतिम सामन्यात असे त्यापूर्वी एकदाच घडले होते, 1972-73 मध्ये, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम याच्या हातून. दिल्ली 295. मग विदर्भाच्या 547. त्यांत तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या 133, त्याचे या दर्जाच्या क्रिकेटमधले पहिले शतक, आणि सरवटेच्या 79. दिल्ली पुन्हा 280. जिंकायला 29 धावा हव्या होत्या, त्या एक गडी गमावून झाल्या. 1 जानेवारी 2018. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी विदर्भ रणजी विजेता झाला. फटाके वाजले, मिरवणुकी निघाल्या, पेढे वाटले गेले. आणि तरी, पुन्हा सांगतो, लोक गोष्ट सांगतात ती पाच धावांची.

याचे कारण मला असे दिसते. आठवण ही निकालाला चिकटत नाही. ती चिकटते जिथे निकाल फिरला त्या जागेला. आणि तो फिरण्याआधी आपण स्वतः एकदा हार मानलेली असावी लागते. टपरीवाल्याने पाठ फिरवली होती. म्हणूनच तो क्षण त्याचा झाला. इंदूरला आपण कुणीच पाठ फिरवली नव्हती. तिथे आपण हात जोडून प्रसादाची वाट पाहत होतो, आणि प्रसाद मिळाला. बस्स.

दूरदेशीचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे वेड आपल्या कल्पनेपलीकडचे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या एका मैदानात लाखाहून अधिक माणसे बसतात. त्यांचे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे नव्हे. चेंडू हातात धरून पळायचा धक्काबुक्कीचा खेळ. तिथे 1982 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांचा सामना झाला. चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्डने आघाडी घेतली. त्यांच्या बॅण्डपथकाला वाटले, सामना संपला. ते वाजतगाजत थेट मैदानात उतरले. इकडे कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंनी चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती असा पाचदा दिला आणि अखेरचा गडी त्या बॅण्डवाल्यांच्या गर्दीतून पळत पलीकडे पोहोचला. 25 विरुद्ध 20 असा निकाल लागला. त्या वर्षी दोन्ही संघांपैकी कुणीही फार मोठे काही जिंकले नव्हते. स्टॅनफर्डने तर जिंकले त्याहून जास्त सामने हरले होते. तरीही चाळीस वर्षे उलटून गेली आणि तो सामना तिथे अजून सांगितला जातो. करंडक नाही, विक्रम नाही. नुसते, संपले असे वाटले होते आणि संपले नव्हते, एवढेच.

आता दुसऱ्या विजयाकडे या. 2018-19 चा अंतिम सामना आपल्या दारात झाला, जामठ्याच्या मैदानावर. जाम आणि जामठा या नावांचा बाहेरगावचे लोक घोटाळा करतात. पण रस्ता एकच, अंतर पन्नासेक किलोमीटर. समोर सौराष्ट्र. पहिल्या डावात विदर्भाला आघाडी मिळाली ती नेमकी पाच धावांची, 312 विरुद्ध 307. शेवटी 78 धावांनी विजय, सरवटेचे दोन्ही डावांत मिळून अकरा गडी, आणि चेतेश्वर पुजारासारखा फलंदाज 1 आणि 0 वर बाद. लागोपाठ दोनदा करंडक जिंकणे फार थोड्यांना जमले आहे. खेळाचा विचार केला तर ही कामगिरी पहिलीहून मोठी, असे माझे मत आहे. मी स्वतः त्या सामन्याचा एक दिवस मैदानात बसून पाहिला. ऊन, शेंगदाणे, चार चांगले मित्र, सारे होते. पण मला विचाराल तर त्या दिवसातले फारसे काही आठवत नाही. चौरस्त्यावरचा फोन आठवतो.

यात डोळ्यांपेक्षा कानाचा गुण आहे असे मी म्हणेन, आणि हे आकाशवाणीच्या पुस्तिकेत लिहितो म्हणून नव्हे. बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ज्यांनी ऐकले ते सांगतात की, चेंडू सीमापार गेला की नाही हे कळण्याआधीच्या त्या एका श्वासात सारा सामना असे. जे दिसत नाही ते माणूस मनात रचतो, आणि स्वतः रचलेले विसरत नाही. आमचा तो फोन रेडिओच होता म्हणा ना, फक्त मुका.

हरलेल्या हंगामाचीही हीच तऱ्हा. 2024 च्या मार्चमध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबईशी अंतिम सामना होता. विदर्भाचा पहिला डाव 105 धावांत गडगडला. जिंकायला 538 धावा हव्या होत्या. असे आव्हान कुणी पुरे करत नसते. पण अक्षय वाडकर उभा राहिला, हर्ष दुबे त्याच्या जोडीला उभा राहिला, आणि पाचव्या दिवशी सकाळच्या सत्रात एकही गडी पडला नाही. जेवणाच्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे प्राध्यापक फळ्यावर धावांचा हिशेब मांडू लागले होते! वाडकर 102 वर बाद झाला, उरलेले पटापट गेले, 368 वर डाव संपला. विदर्भ 169 धावांनी हरला. पण ती दुपार आम्ही कुणी विसरणार नाही. फळ्यावरचे ते आकडे दोन दिवस कुणी पुसले नाहीत.

आणि मग 2024-25. या हंगामाविषयी मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण यात माणसांचे धागे पाहायला मिळतात.

कोलकात्याला आपल्याविरुद्ध 153 धावा ठोकणारा करुण नायर आठवतो ना? तोच दोन हंगाम विदर्भाकडून खेळला. आणि सरवटे, आपला अकरा बळींचा सरवटे, तो या वर्षी केरळकडून खेळू लागला. चाहत्याने मग कुणाला आपले म्हणायचे? हा प्रश्न मला मुले नेहमी विचारतात. मी म्हणतो, घरी आलेली सून आणि सासरी गेलेली लेक, दोघी आपल्याच. मुले हसतात, पण त्यांना पटते.

त्या वर्षीच्या केरळची कथा तर ऐकण्यासारखी आहे. ज्याला आपण 412 धावांनी हरवले, तोच हा संघ. उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात आघाडी मिळवली ती एका धावेची. तीही शेवटच्या जोडीने 81 धावा जोडल्या म्हणून. उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची. गुजरातचा शेवटचा फलंदाज आघाडीपासून दोन-तीन धावा दूर होता. सरवटेच्या चेंडूवर त्याने जोरदार फटका मारला. चेंडू जवळच उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात जाऊन विसावला. मघाशी जो नियम ध्यानात ठेवा म्हणालो, त्या नियमाने केरळ या दोन-तीन धावांच्या पुलावरून पहिल्यांदा अंतिम सामन्यात आला.

तो सामना जामठ्याला, 26 फेब्रुवारी 2025 पासून. विदर्भाच्या 379. दानिश मालेवार या तरुण पोराच्या 153. केरळकडून सरवटेने काढल्या 79. म्हणजे सात वर्षांपूर्वी इंदूरला विदर्भासाठी काढल्या होत्या तेवढ्याच, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. कर्णधार सचिन बेबी शतकाला दोन धावा कमी असताना उंच फटका मारायला गेला आणि झेल देऊन बाद झाला. केरळ 342. विदर्भाला 37 धावांची आघाडी. दुसऱ्या डावात करुण नायरने 135 केल्या, सामना अनिर्णित राहिला आणि 2 मार्चला आघाडीच्या बळावर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. तो उचलला कर्णधार अक्षय वाडकरने. त्याच हंगामात हर्ष दुबेने 69 गडी बाद केले. रणजीच्या एका हंगामात एवढे गडी त्यापूर्वी कुणीही घेतले नव्हते.

पुस्तकात विजेता म्हणून विदर्भाचे नाव लागले. पण पन्नास वर्षांनी तो हंगाम जास्त कोण सांगेल, असे मला विचाराल तर मी म्हणेन, केरळची माणसे. शिरस्त्राणावर आपटलेला तो चेंडू ते नातवंडांना सांगतील. आपल्याकडे आता विजयाची सवय होऊ लागली आहे. सवय ही चांगलीच, ती लागावी म्हणून साठ वर्षे गेली. पण सवय लागली की माणूस क्षण मोजत नाही, करंडक मोजतो.

आता शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. माझे एक मित्र समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतात. त्यांच्या मुलींचा कबड्डीचा संघ एका वर्षी तालुक्याला पहिला आला आणि पुढच्या वर्षी जिल्ह्याला जाऊन पहिल्याच सामन्यात हरला. मित्राने दोन्ही वर्षांचे संघाचे फोटो कार्यालयात लावले आहेत. एकदा मी गेलो असता त्यांनी मुलींना बोलावून विचारले, "काय गं, कोणतं वर्ष चांगलं होतं?"

क्षणाचाही विलंब न लावता एक म्हणाली, "हरलो ते, सर."

"काहून गं?"

"जाताना रस्त्यात टेम्पो बंद पडला न सर. आम्ही सगळ्यांनी ढकलला. मंग अंधार झाला. तुम्हीच म्हटलं का आता वापस जाऊ. तर हिनं म्हटलं नाही, चालत जाऊ."

जिच्याकडे बोट होते ती मुलगी दारामागे सरकली. सर म्हणाले, "मग आम्ही खरंच चालत गेलो. दीड कोस." आणि किती गुणांनी हरलो, हे त्यांना काही केल्या आठवेना. मुलींनाही आठवेना. टेम्पो कोणत्या वळणावर बंद पडला यावर मात्र त्यांचा वाद सुरू झाला, आणि मी निघालो तेव्हा तो मिटला नव्हता.